घाटात टँकर उलटला, आता सूत्रं कुणाकडे?

डबल_क्लच

गेल्या महिन्यात एका घाटात साडेपाच तास अडकलो होतो. घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा लगेच "तिथली अमकी कचेरी अशीच आहे" या वळणावर जाते. मला कुणावर खापर फोडायचं नाहीये, नेमकं काय होतं ते समजून घ्यायचंय.

संध्याकाळी सहाचा सुमार. उतारावर पुढे कुठेतरी टँकर आडवा झालेला. मी पाऊण किलोमीटर मागे. वास नाही, धूर नाही, नुसती लाल दिव्यांची रांग. शेजारी आई, तिची साखरेची गोळी सातची आणि जेवण साडेसातचं. पहिल्या वीस मिनिटांत मी तीन हेल्पलाइनींना फोन केले.

पहिल्याने विचारलं, "कुठे आहात?" म्हटलं, "देवळाच्या वळणापाशी." तो म्हणाला, "वळणाच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे असाल तर दुसरा जिल्हा लागतो." दुसऱ्याने पहिल्याचाच नंबर दिला. तिसऱ्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "जखमी किती?" आता मला काय माहीत!

थोड्या वेळाने पिवळं जॅकेट घातलेला पेट्रोलिंगचा मुलगा गाड्यांमधून वाट काढत आला. कमरेला वॉकीटॉकी, हातात दोन मोबाईल. मी विचारलं, पोलिसांचं बोलणं तुला या सेटवर ऐकू येतं का? म्हणाला, "नाही हो काका, त्यांचा सेट वेगळा. सगळ्या साहेबांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना." आणि मोबाईल वर धरून रेंज शोधत पुढे गेला. त्या वळणावर रेंजच नव्हती.

नंतर कळलं की पोलीस आले होते, अग्निशमनची गाडी आली होती, क्रेन आली होती, रुग्णवाहिकाही होती. म्हणजे माणसं नव्हती असं नाही. पण क्रेनवाला म्हणे दीड तास नुसता उभा होता, कारण "उचल" असं त्याला कुणी सांगेना.

तर प्रश्न असा: एवढी सगळी मंडळी एका जागी जमली की "थांबा", "सोडा", "उचला" हे म्हणायचा हक्क नक्की कुणाचा?

धूमकेतू

उत्तर सोपं आहे. ज्याच्या गाडीवर दिवा मोठा, त्याचा.

कर्वेनगरचे_आजोबा

मुंबई-पुण्याचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आता घरून निघताना डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या घेतो. अडकलं तर असू द्या.

निवृत्त_फौजदार

धागा चांगला आहे. थोडं लांबेल, पण खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, सांभाळून घ्या.

डबल क्लच यांनी घाटाचं नाव घेतलं नाही, मी उदाहरणासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घेतो, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. लांबी ९४.५ किमी. एवढ्यात पोलिसांच्या हद्दी किती? कळंबोलीकडे नवी मुंबई आयुक्तालय, पुढे रायगड जिल्हा, घाट चढला की पुणे ग्रामीण, आणि २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय झाल्यापासून तळेगावकडे तेही. या चौघांच्या डोक्यावर आडवं पसरलेलं महामार्ग पोलीस हे निराळंच. वाहतूक महामार्ग पोलीस बघतात, गुन्हा स्थानिक ठाण्यात दाखल होतो. रस्ता रस्ते विकास महामंडळाचा, टोल आणि पेट्रोलिंग कंत्राटदाराचं. आग लागली तर बंब खोपोली किंवा लोणावळा नगरपरिषदेचा. रुग्णवाहिका १०८ ची, नाहीतर कंत्राटदाराची. दरड आली तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन, म्हणजे जिल्हाधिकारी. आणि घाटातच रायगड संपतो, पुणे सुरू होतो.

यातल्या प्रत्येकाला आपलं काम पाठ आहे. पण कुणाचं काम आधी आणि कुणाचं नंतर, हे त्या दिवशी जागेवर ठरतं. वाद तिथे होतो.

कागदावर याला उत्तर आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची, म्हणजे आपत्तीत कुणी कुठलं काम करायचं त्या रचनेची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी, तालुक्याला इन्सिडेंट कमांडर तहसीलदार. पूर आला, वादळ आलं, तर ही रचना ठीक चालते, कारण आदल्या दिवशी इशारा असतो. टँकर काही इशारा देऊन उलटत नाही. तहसीलदार साहेब कचेरीतून निघून घाटात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पहिला तास कुणाचा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लालपरी_चालक

फौजदार साहेब बरोबर बोलले. मी एसटीत २२ वर्षं घाट चालवतोय. आमच्या भाषेत सांगतो. अपघात झाला की पहिला पोचतो टपरीवाला. दुसरा ट्रकचा क्लीनर. मग पेट्रोलिंग, मग पोलीस. सगळ्यात शेवटी क्रेन. कारण क्रेन मागून येणार आणि मागे आपणच सगळे उभे! कडेची मोकळी पट्टी पहिल्या दहा मिनिटांत कारवाल्यांनी भरून टाकलेली असते. एक घुसला की त्याच्या मागे पन्नास. मग बंब हॉर्न वाजवत उभा, रुग्णवाहिका सायरन वाजवत उभी.

साहेब लोक नंतर भांडू देत. आधी ती पट्टी मोकळी ठेवा.

स्टटगार्टकर

लालपरी काका, अगदी हेच लिहायला आले होते. इथे जर्मनीत याला रेटुंग्सगासं म्हणतात, बचावाची गल्ली. हायवेवर गाड्या नुसत्या हळू व्हायला लागल्या, अजून थांबल्याही नाहीत, तरी सगळ्यात डावीकडच्या रांगेने डावीकडे सरकायचं आणि बाकी सगळ्या रांगांनी उजवीकडे. मधे एक गल्ली तयार होते, त्यातून रुग्णवाहिका आणि बंब जातो. कडेची पट्टी त्यासाठी मोजायचीच नाही, कारण तिथे बंद पडलेली गाडी असू शकते. गल्ली केली नाही तर दंड २०० युरोपासून सुरू, दोन गुण, आणि महिनाभर लायसन्स जमा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पाऊस, रात्र, कुणी कुणाला सांगत नाही आणि शेकडो गाड्या आपोआप बाजूला. माझा नवरा इथलाच. तो म्हणाला, "यात काय विशेष?" मी म्हटलं, तुला घाटात नेते एकदा.

धूमकेतू

आपल्याकडे अशी गल्ली झाली तर त्यातून पहिली जाणार ती "प्रेस" लिहिलेली गाडी. दुसरी, पाटीवर कुठल्यातरी समितीच्या सदस्याचं नाव असलेली.

स्टटगार्टकर

धूमकेतू, इथेही रुग्णवाहिकेच्या मागे लागून घुसणारे असतात हो. दंड उगाच नाही ठेवलेला. :)

फेसवाला

रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात होतो, टँकरच्या अपघातांना मदतीला जायचो. "क्रेन दीड तास उभी होती" हे वाचून लिहितोय. डबल क्लच, राग मानू नका, पण ती उभी होती हे कदाचित बरोबरच होतं.

एलपीजीचा भरलेला टँकर आडवा झाला म्हणून हायड्रा क्रेन लावून सरळ उचलायचा नसतो. व्हॉल्व्ह दबलाय का, टाकीला चीर आहे का, हे आधी बघायचं. मग बहुतेक वेळा दुसरा रिकामा टँकर आणून गॅस त्यात ओढून घ्यायचा, आणि मग उचलायचं. याला तास लागतात, मिनिटं नाही. त्यासाठी लागणारी माणसं बॉटलिंग प्लांटवरून किंवा कंपनीतून यावी लागतात, आणि ती येणार त्याच अडकलेल्या रस्त्याने. तोवर पाण्याचा फवारा मारत राहायचा. गॅस हवेपेक्षा जड, तो उताराने खाली वाहतो, गटारीत आणि मोऱ्यांत साचतो. म्हणून घाटात खालच्या वळणावर गाडी चालू ठेवून एसीत बसलेला माणूस टँकरपाशी उभ्या असलेल्या माणसाइतकाच धोक्यात असू शकतो. हे त्याला सांगणार कोण?

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक धोकादायक मालाच्या टँकरवर मागे आणि दोन्ही बाजूंना माहितीची पाटी असते, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे ती लागतेच. त्यावर आत कुठला माल आहे ते सांगणारा चार आकडी यूएन क्रमांक असतो. एलपीजी १०७५, मिथेनॉल १२३०, क्लोरीन १०१७. फोन करणाऱ्याने फक्त ते चार आकडे सांगितले तरी बंबावर काय भरून न्यायचं ते कळतं. मिथेनॉलच्या आगीवर आग विझवायचा साधा फेस टिकत नाही, फाटतो. अल्कोहोलला टिकणारा फेस वेगळा असतो. शिवाय मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. साधा फेस घेऊन पोचलात तर परत फिरा, दुसरा आणा, आणि मागे लालपरी काकांची भरलेली पट्टी.

मी गेलो त्यातल्या एकाही फोनमध्ये आम्हाला तो क्रमांक मिळाला नव्हता. "कसला तरी टँकर आहे, वास येतोय, लवकर या" एवढंच.

डबल_क्लच

फेसवाला, राग कसला! हे माहीतच नव्हतं. म्हणजे क्रेनवाला उभा होता हे ठीक, पण त्याला किंवा आम्हाला कुणी कारण सांगितलं नाही. तीन किलोमीटरच्या रांगेत एकाने जरी भोंग्यावरून ओरडून सांगितलं असतं की "गॅस काढतोय, चार तास लागतील, इंजिन बंद ठेवा", तर अर्ध्या लोकांनी शिव्या कमी दिल्या असत्या. आईला मी "दहा मिनिटांत निघू" असं अकरा वेळा सांगितलं.

सह्याद्रीची_लेक

कुणे पुलाचं आठवतंय का? १३ जून २०२३. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला, आणि जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले. खालून दुचाकीवर जाणाऱ्यांचा वरच्या रस्त्याशी काय संबंध? खालचा रस्ता बंद करायचं कुणाच्या डोक्यात तरी आलं असेल का?

फेसवाला

ताई, खरं सांगायचं तर ते क्षणात झालं. तिथे कितीही समन्वय असता तरी ती माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण तुमचा मुद्दा पुढच्या तासांसाठी खरा आहे. वर आग धुमसत असताना खालचा रस्ता, जुना हायवे, खालची गावं या सगळ्यांना एकाच माणसाने निरोप द्यायला हवा. रस्ता कुणाच्या मालकीचा हे द्रव विचारत नाही.

खोपोलीकर

इतका वेळ वाचत होतो. घाटाच्या पायथ्याला राहतो आणि अपघाताला धावून जाणाऱ्या पोरांपैकी एक आहे. आमच्याकडे खोपोलीत आणि वर लोणावळ्यात अशी मंडळी वर्षानुवर्षं आहेत. लोणावळ्याचं शिवदुर्ग तुम्हाला माहीत असेलच, दरीत उतरायचं असेल तर त्यांना हाक जाते. महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये मृत्युंजय दूत योजना काढली, त्यात रस्त्याकडेच्या गावांतल्या, ढाब्यांवरच्या लोकांना स्ट्रेचर कसा धरायचा, जखमीला कसं हलवायचं ते शिकवतात. चांगली योजना आहे, आमची बरीच पोरं त्यात आहेत.

आता आतली गोष्ट. आम्ही सरकारी यंत्रणेच्या आधी पोचतो याचं कारण आम्ही शूर वगैरे आहोत असं नाही. कारण एवढंच की आमच्या ग्रुपवर "अमृतांजन पुलाजवळ, खाली येणारी लेन" असा मेसेज पडला की प्रत्येकाला डोळ्यासमोर जागा दिसते. गंमत बघा, अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला. पूल नाही, पण पत्ता आहे! बाहेरून आलेला माणूस आणि दूर कॉल सेंटरला बसलेली मुलगी, दोघांनाही तो पूल नकाशावर सापडणार नाही. मदतीच्या ११२ नंबरचं मुख्य केंद्र नवी मुंबईत, तिथून तिला तुमचं देवळाचं वळण कुठून ठाऊक असणार?

म्हणून आम्ही आता पोरांना सक्ती केलीय. आधी दुभाजकावरच्या किंवा कडेच्या दगडावरचा किलोमीटर, मग कुठल्या दिशेची लेन, मग बाकीचं. दिशा सांगितली नाही तर रुग्णवाहिका पलीकडच्या लेनला येऊन उभी राहते आणि मधला दुभाजक ओलांडून स्ट्रेचर न्यावा लागतो. घाटात तर दोन्ही लेन काही ठिकाणी वर-खाली आहेत, तिथे ओलांडायचं म्हणजे कठडाच उतरायचा. एकदा मी स्वतः एका बाईंना तसं नेलंय. चौघांनी धरलं होतं, पाऊस होता, आणि खालून एकजण चपला हरवल्या म्हणून ओरडत होता. त्या वाचल्या. नंतर त्यांच्या मुलाने लग्नाची पत्रिका पाठवली, आम्ही सगळे जेवून आलो.

निवृत्त_फौजदार

खोपोलीकर, सलाम. जागेच्या गोंधळावरून १४ ऑगस्ट २०२२ आठवतो. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा द्रुतगती मार्गावर पहाटे अपघात झाला, त्यात ते गेले. तासभर मदत मिळाली नाही असं त्यांच्या चालकाने सांगितलं, त्यावर मोठा वाद झाला, चौकशी लागली. खरंखोटं त्यात मी पडत नाही. पण एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या गाडीबाबत हा प्रश्न उभा राहतो, तर रात्री सामान घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याचं काय?

ताम्हिणीतली_टपरी

एक विचारू? लोक मदत करायला घाबरतात, पोलिसांच्या लफड्यात पडायला नको म्हणून. ते बदललंय ना आता?

निवृत्त_फौजदार

कायद्याने बदललंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही, चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत काही कमीजास्त झालं तर दावा नाही. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार आहेत. टपरीवर हे एका पुठ्ठ्यावर लिहून लावा. तुमच्याकडे गर्दी असते, माणसं वाचतील.

धूमकेतू

"माणसं वाचतील." दोन्ही अर्थांनी, काका. आज पहिल्यांदा विनोद न करता +१.

प्रणालीकार

मी सॉफ्टवेअरवाला. यावर एक ॲप काढता येईल. सगळ्या यंत्रणा एकाच डॅशबोर्डवर, लाइव्ह लोकेशन, ड्रोनचं फुटेज...

लालपरी_चालक

साहेब, रेंज नाही तिथे.

प्रणालीकार

सॅटेलाइट वापरू.

खोपोलीकर

प्रणालीकार, टिंगल करत नाही, पण आत्ता सगळ्यात आधी पाहिजे तो एकच वायरलेस चॅनेल. पोलीस, पेट्रोलिंग, बंब, रुग्णवाहिका, चौघांना एकमेकांचं ऐकू येईल असा. आणि त्या चॅनेलवर घटनास्थळी एकच आवाज हुकूम देणारा. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाचं जॅकेट. जत्रेत हरवलेल्या पोरालाही कळेल की विचारायचं कुणाला.

फेसवाला

आणि तो माणूस हुद्द्याने मोठा असण्यापेक्षा आधी पोचलेला असावा. वरिष्ठ आले की सूत्रं रीतसर त्यांच्याकडे, "आता मी" असं तोंडाने बोलून. आमच्या कारखान्यात मॉकड्रिलला हेच करायचो. शिफ्ट इंचार्ज कमांडर, मग प्लांट मॅनेजर आला की हस्तांतर. पहिल्या ड्रिलला मॅनेजर साहेबांनी येताक्षणी न विचारता तीन हुकूम सोडले आणि दोन पथकं समोरासमोर धडकली. तेव्हापासून ते आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचे.

पाताळगंगा-रसायनी पट्ट्यात कारखान्यांचे एकमेकांना मदत करणारे गट आहेत, त्यांच्याकडे फेस, श्वसनाची साधनं, प्रशिक्षित माणसं सगळं असतं. घाटापासून ते फार लांब नाहीत. रस्त्यावरच्या टँकरसाठी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत फोन जायला हवा, तिसऱ्या तासाला नाही.

निवृत्त_फौजदार

एका बाबतीत मी अडून बसणार. हुकूम पोलिसाचाच. वाहतूक थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्याला आहे, कारखान्याच्या माणसाला नाही.

फेसवाला

वाहतूक थांबवण्याचा, मान्य. पण टँकर कधी उचलायचा हे पोलिसाने ठरवू नये. बाहेरचं वर्तुळ तुमचं, आतलं वर्तुळ बंबवाल्याचं. आत कोण जाईल हे बंबवाला सांगेल, आणि तुम्ही तो शब्द मोडायचा नाही, मग मागे मंत्र्यांचा ताफा का असेना.

निवृत्त_फौजदार

ताफ्याचं सोडा. ताफा मागे असताना माझ्या जागी तुम्ही उभे राहून बघा एकदा. पण दोन वर्तुळांचं पटलं. आमच्या वेळी असं कुणी मांडून सांगितलं असतं तर माझे दोन-तीन तरी मेमो वाचले असते.

कर्वेनगरचे_आजोबा

आणि पाणी? घाटात अडकलेल्या लेकराबाळांना पाणी, बायकांना आडोसा, हे कुठल्या वर्तुळात येतं? अजून कुणीच बोललं नाही.

डबल_क्लच

आजोबा, लाख बोललात. त्या रात्री आईला बिस्किटं दिली ती पुढच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने. राजस्थानचा होता. टायरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायला निघाला होता, मी घाबरून हात जोडले, "भैया, आगे गॅस है." त्याने स्टोव्ह आत ठेवला आणि पुडा काढला. त्याला तरी कुणी सांगितलं होतं का पुढे काय उलटलंय ते?

डबल_क्लच (आठ दिवसांनी)

धागा वर काढतोय. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून चार गोष्टी उचलून एक पानी अर्ज केला: एक वायरलेस चॅनेल, पहिल्या तासाचा नेमलेला कमांडर, किलोमीटरच्या दगडांवर दोन्ही दिशांना रात्री चमकणारे आकडे, आणि अडकलेल्यांना भोंग्यावरून दर अर्ध्या तासाने खबर. फेसवाल्यांची दोन वर्तुळं चित्र काढून जोडली. पाण्याच्या टँकरचं आजोबांच्या आग्रहावरून शेवटी घातलं.

काल उत्तर आलं. "आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे." खाली "प्रत" म्हणून पाच कचेऱ्यांची नावं आहेत. संबंधित विभाग त्यातला कुठला, ते लिहिलेलं नाही.

धूमकेतू

पाचही जणांना फोन करा. पहिला विचारेल, वळणाच्या अलीकडे की पलीकडे.

खोपोलीकर

भाऊ, तो अर्ज मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी आमच्या पोरांची बैठक आहे, बंबावरचे दोघेजण पण येतात. दगडांवर चमकणारी पट्टी आम्ही स्वतः चिकटवायची परवानगी मागून बघतो. किती दगड होतात ते मोजायला लालपरी काका येतात का विचारा.

लालपरी_चालक

शनिवारी सुट्टी आहे. सकाळी सहाला येतो. चहा तुमच्याकडे.